हे मूळव्याधच आहे, असं तुम्हाला कोणी सांगितलं?

लॅबवाला_धंतोली

नमस्कार मंडळी. धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करतो. डॉक्टर नाही, डीएमएलटी झालेला तंत्रज्ञ आहे, तेव्हा इथं कोणाचं निदान करणार नाही. पण काही रिपोर्ट इतक्या वेळा हाताखालून जातात की गप्प बसवत नाही.

पन्नाशी-साठीचा पुरुष येतो. सीबीसीत हिमोग्लोबिन ९, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा आकार) ७० च्या आसपास, फेरिटिन केलंच असेल तर एक आकडी. म्हणजे अंगातलं लोह संपलेलं. रिपोर्ट न्यायला आला की म्हणतो, "उन्हाचा वीकनेस आहे." नागपूरच्या मे महिन्यात ऊन हे कारण कशालाही लागू पडतं. मग लोहाच्या गोळ्या, बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे. दोनेक महिन्यांनी परत सीबीसी. हिमोग्लोबिन ११, घरचे खूश. लोह गेलं कुठं हे मात्र कोणी विचारत नाही. पाळी चालू असलेल्या बाईचं एक वेळ समजू शकतं, तिथंही सगळं पाळीवर ढकलू नये. पण पुरुषाचं आणि पाळी गेलेल्या बाईचं रक्त बहुतेक वेळा पोटातून नाहीतर आतड्यातून गळत असतं. अल्सर असेल, वर्षानुवर्षं खाल्लेल्या पेनकिलर असतील, जंत असतील. आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूची गाठसुद्धा असू शकते, जिचं रक्त डोळ्यांना दिसतच नाही.

दुसरे येतात ते म्हणतात, "संडासातून रक्त जातं, पण ते काही नाही, मूळव्याध आहे." मी विचारतो, कोणी तपासलं? उत्तरं ऐकण्यासारखी असतात. मेडिकल स्टोअरवाल्यानं सांगितलं. मेहुण्यालाही असंच होतं. काहींना डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, पण त्यांनी प्रत्यक्ष तपासलं का विचारलं तर, "नाही, मी सांगितलं तसं त्यांनी मलम लिहून दिलं." म्हणजे निदान पेशंटचंच, सही फक्त डॉक्टरची. शिवाय शहरातल्या अर्ध्या खांबांवर 'बवासीर, भगंदर, बिना ऑपरेशन' हे चिकटवलेलं आहेच.

मूळव्याध खूप जणांना असते, त्यामुळे हा अंदाज बहुतेक वेळा खराही निघतो. घात तिथंच होतो.

आपल्या गावात कॅन्सर म्हटलं की खर्रा आणि तोंड, एवढंच डोळ्यांपुढं येतं. आतड्याचं कोणी बोलत नाही, कारण संडासाचा विषय. अनुभव असतील तर लिहा. डॉक्टर मंडळींनी माझं चुकलं तिथं दुरुस्त करावं.

तर्री_जास्त

सकायी सकायी पोहे खाता खाता धागा उघडला ना बाप्पा. आता तर्री घशाखाली उतरून नाही रायली.

पण भाऊ, प्रश्न खरा आहे. आमच्या बाबाले सहा-सात महिन्यांपासून रक्त पडते. तेबी म्हणते मूयव्याधच आहे, आजोबालेबी होती. काय पाहाले पाहिजे नेमकं?

टाके_दोरा

जनरल सर्जन आहे, नागपूर जिल्ह्यातच तालुक्याच्या गावी. लॅबवाल्यांनी नस बरोबर पकडली.

मूळव्याधीचं रक्त साधारण शौच झाल्यावर थेंब थेंब किंवा पिचकारीसारखं पडतं, लालभडक असतं, दुखत नाही. फिशर, म्हणजे गुदद्वाराला चीर, असेल तर चिरल्यासारखं दुखतं, रक्त थोडंच. गाठीचं रक्त बऱ्याचदा शौचात मिसळलेलं असतं, थोडं काळपट, सोबत शेंबडासारखी आव. हे झालं पुस्तकातलं. प्रत्यक्षात मलाशयाच्या, म्हणजे अगदी शेवटच्या भागाच्या गाठीचं रक्तही लालभडकच पडतं. म्हणून रंग बघून घरी निकाल लावू नका. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: मूळव्याध आणि कॅन्सर एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात. मूळव्याध सापडली म्हणून वरचं आतडं निर्दोष ठरत नाही.

रक्तापेक्षा मी जास्त विचारतो ते सवयीबद्दल. रोज सकाळी एकदा जाणारा माणूस गेले तीन-चार आठवडे चार-पाचदा जातोय का? कधी पातळ, कधी अडकतं, असं आलटून पालटून चाललंय का? जाऊन आल्यावरही आत काहीतरी राहिल्यासारखं वाटतं, परत बसावं तर थोडी आव पडते आणि बाकी काही नाही, असं होतं का? हे शेवटचं लक्षण मलाशयाच्या गाठीचं अगदी ठरलेलं. पेशंट त्याला "पोट साफ होत नाही" म्हणतो आणि रात्री चूर्ण घेतो. चूर्णानं दोन दिवस बरं वाटतं आणि दाखवणं आणखी लांबतं.

उजव्या आणि डाव्या बाजूचा फरकही सांगतो. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. उजवीकडं ते रुंद असतं आणि आतला मळ पातळ असतो, त्यामुळे तिथली गाठ वाट अडवत नाही, गुपचूप रक्त गळत राहतं. माणूस जिने चढताना दमतो, चेहरा पांढुरका पडतो, पोटाची तक्रार शून्य. लॅबवाल्यांचा हिमोग्लोबिन ९ वाला तो हाच. डावीकडं आतडं अरुंद, मळ घट्ट, म्हणून तिथं सवय बदलते, कळा येतात, पोट फुगतं, आणि काही जण थेट आतडं बंद पडल्यावरच दाखल होतात.

बोटानं तपासणी ही दोन मिनिटांची गोष्ट आहे. ग्लोव्ह, जेली, कुशीवर झोपा, संपलं. शेवटच्या सात-आठ सेंटिमीटरमधली गाठ बोटाला लागते, आणि आपल्याकडच्या रुग्णांत मलाशयाच्या गाठींचा वाटा बराच मोठा आहे. डॉक्टरांनी स्वतःहून केली नाही तर तुम्ही विचारा: "सर, आतून बघणार का?"

@तर्री_जास्त, बाबांचं वय काय? वजन?

तर्री_जास्त

६३. वजन केलं नाही, पण पट्ट्याले दोन नवीन भोकं पाडले त्याइनं. आम्ही म्हटलं सकायी फिराले जातात म्हणून उतरलं असंन.

टाके_दोरा

याच आठवड्यात दाखवा. धाग्यावर पुढचं वाचायला थांबू नका.

सौ_त्रिमूर्तीनगर

माझं थोडं वेगळं आहे. वय ५४, पाळी जाऊन तीन वर्षं झाली. हिमोग्लोबिन ८.६. मागच्या महिन्यात फुल बॉडी चेकअपचं पॅकेज केलं, त्यात पोटाची सोनोग्राफी नॉर्मल आणि सीईए नावाचा कॅन्सर मार्करही नॉर्मल. म्हणजे माझ्यापुरता हा विषय मिटला ना?

लॅबवाला_धंतोली

नाही हो ताई, मिटला नाही. हे पॅकेज आमच्याकडेही विकतात, म्हणून स्पष्टच सांगतो. सीईए ही तपासणी कॅन्सर शोधायला नाही. निदान झालेल्या माणसाच्या उपचारांवर नजर ठेवायला तिचा उपयोग. सुरुवातीच्या गाठीत ती बऱ्याचदा नॉर्मल येते आणि सिगारेट ओढणाऱ्याची काही नसताना वाढलेली येते. पॅकेजमध्ये ती घालतात कारण 'कॅन्सर मार्कर' हे शब्द छान खपतात.

सोनोग्राफीत यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड दिसतं. आतड्यात हवा असते, तिथं ध्वनिलहरी पुढं जात नाहीत. आतल्या अस्तरावरचा मटाराएवढा पॉलिप, म्हणजे कोंबासारखी वाढ, सोनोग्राफीत दिसण्याची अपेक्षाच ठेवू नका. "सोनोग्राफी नॉर्मल" या दोन शब्दांवर किती लोक निर्धास्त होतात!

टाके_दोरा

ताई, पाळी गेल्यावर ८.६ आणि लोहाची कमतरता सिद्ध झाली असेल, तर वरून आणि खालून दोन्हीकडून दुर्बिणीनं पाहणं हा सरळ रस्ता. लोहाच्या गोळ्या सुरू करा, पण कारण सापडेपर्यंत समाधान मानू नका. गुडघ्यांसाठी पेनकिलर घेता का?

सौ_त्रिमूर्तीनगर

घेते. रोज एक. कधी दोन.

गणिती

भीतीचं वातावरण होतंय म्हणून थोडं उलट बोलतो. कोलोनोस्कोपीचा, म्हणजे खालून दुर्बीण घालून मोठं आतडं बघण्याचा, एक मोठा प्रयोग पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमध्ये झाला, निकाल २०२२ साली प्रसिद्ध झाले. तपासणीसाठी बोलावलेल्या गटात १० वर्षांत हा कॅन्सर ०.९८ टक्के लोकांना झाला, न बोलावलेल्या गटात १.२० टक्के. या कॅन्सरचे मृत्यू ०.२८ आणि ०.३१. म्हणजे मृत्यूंत धरण्यासारखा फरक नाही. ही युरोपातली गोष्ट, जिथं हा आजार आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. मग नागपुरात धडधाकट माणसाला दोन लिटर औषध पाजून नळी घालण्यात काय अर्थ?

टाके_दोरा

आकडे बरोबर आहेत. त्यात एक जोडा: बोलावलेल्यांपैकी ४२ टक्केच आले. बाकीचे घरीच बसले, पण मोजले गेले त्याच गटात. प्रत्यक्ष आलेल्यांपुरता हिशेब त्याच संशोधकांनी मांडला तेव्हा मृत्यू निम्म्यावर आलेले दिसतात. अर्थात तपासणीला येणारे लोक मुळातच तब्येतीची काळजी घेणारे असतात, तेव्हा तो आकडाही जपूनच घ्यायचा.

तुमचा दुसरा मुद्दा मला मान्य आहे. आपल्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिघांचीच तपासणी आहे, मोठ्या आतड्याची नाही. आपल्याकडचं प्रमाण आणि दुर्बिणीवाल्या डॉक्टरांची संख्या बघता गावोगाव कोलोनोस्कोपीची शिबिरं भरवा असं मीही म्हणणार नाही. पण या धाग्यावर तीन वेगळी माणसं एकत्र होतायत. ज्याला काही त्रास नाही आणि घरात कोणाला नाही, तो एक. ज्याच्या आई-वडिलांना किंवा सख्ख्या भावंडाला झालाय, तो दुसरा. त्याचा धोका साधारण दुप्पट. आणि ज्याला रक्त जातंय, हिमोग्लोबिन घसरलंय, तो तिसरा. तुमचा युक्तिवाद पहिल्यापुरता. तिसऱ्याची होते ती स्क्रीनिंग, म्हणजे त्रास नसताना केलेली चाळणी, नव्हे, ती आजाराची तपासणी, तिथं टक्केवारी काढत बसायचं नसतं.

उडती_तबकडी

मूळची महालातली, आता न्यू जर्सीत. इथं २०२१ पासून वय ४५ ला सुरुवात करायला सांगतात, आधी ५० होतं. कारण तरुणांत प्रमाण वाढतंय. 'ब्लॅक पँथर'वाला चॅडविक बोसमन २०२० मध्ये ४३ व्या वर्षी गेला, निदान २०१६ चं, तेव्हाच तिसरी स्टेज. तो गेल्यावर आमच्या ऑफिसमधल्या चाळिशीतल्या पोरांनी पहिल्यांदा हा विषय मोठ्यानं काढला.

मला काही त्रास नव्हता, घरात कोणाला नाही, म्हणून डॉक्टरांनी कोलोनोस्कोपीऐवजी फिट नावाची शौचाची तपासणी चालेल म्हटलं. दरवर्षी करायची. किट पोस्टानं घरी आलं. हे तिकडं मिळतं का?

लॅबवाला_धंतोली

मिळतं, पण सगळ्या लॅब ठेवत नाहीत. फोन करून "फिट आहे का" असंच विचारा. नुसतं "स्टूल ऑकल्ट ब्लड" म्हटलं तर काही ठिकाणी अजून जुनी, रंग बदलणारी तपासणी होते. ती मटण खाल्लं तरी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि क जीवनसत्त्व भरपूर पोटात गेलं तर रक्त असूनही निगेटिव्ह. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं माणूस बसल्या बसल्या अर्धा डझन संत्री संपवतो, म्हणून सांगितलं. फिटला पथ्य नाही. ती फक्त माणसाच्या रक्तातलं प्रथिन ओळखते.

आता सॅम्पलचं. एक छोटी नळी मिळते, झाकणालाच काडी जोडलेली, काडीच्या टोकाला बारीक खाचा. शौचावर ती काडी चार-पाच ठिकाणी घासायची, खाचांत मावेल तेवढंच घ्यायचं, परत नळीत खोचून टक् असा आवाज येईपर्यंत दाबायचं, हलवायचं. झालं. लोक काय करतात? श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात सगळाच ऐवज भरून, वर रबर लावून, दोन पिशव्यांत घालून आणतात. काउंटरवर ठेवताना नजर दुसरीकडं. काका, आम्हाला तुमच्याएवढी लाज नाही वाटत, पण एवढ्याची गरजही नाही.

आणि हे खास नागपूरकरांसाठी: नळी उन्हात ठेवू नका. उष्णतेनं रक्तातलं प्रथिन मोडतं आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. गरम देशांत उन्हाळ्यात पॉझिटिव्ह कमी येतात हे नोंदलं गेलंय. मे महिन्यात ४५ डिग्रीत स्कुटीच्या डिकीत नळी टाकून आधी भाजी, मग बँक, मग लॅब, असं करायचं असेल तर तपासणी हिवाळ्यातच करा.

टाके_दोरा

पुढचं मी सांगतो. एका वेळच्या फिटमध्ये चारातला साधारण एक कॅन्सर निसटतो, म्हणून ती दरवर्षी करायची. आणि पॉझिटिव्ह आली तर कोलोनोस्कोपी. "मूळव्याधीमुळं आली असेल, परत एकदा करून बघू" हे करायचं नाही. दुसरी निगेटिव्ह येते, माणूस पेढे वाटतो आणि पहिल्या रिपोर्टचं काय झालं ते तसंच राहतं.

गणिती, तुमच्यासाठी: स्पेनमध्ये फिट आणि कोलोनोस्कोपी यांची थेट तुलना झाली, २०२५ मध्ये निकाल आले. १० वर्षांनंतर फिटला बोलावलेल्या गटातले मृत्यू कोलोनोस्कोपीवाल्यांपेक्षा जास्त नव्हते. कारण फिटला लोक जास्त संख्येनं आले. त्रास नसलेल्या माणसानं नळीनंच सुरुवात करायला हवी असं नाही.

गणिती

हे ठीक. नळी म्हणजे सॅम्पलची की डॉक्टरची, तेवढं लिहीत जा, दोन्ही नळ्याच आहेत.

फुटाळा_फेरी

बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो. वय आता ५१. ४६ व्या वर्षी मूळव्याधीचं ऑपरेशन करायला दाखल झालो होतो. त्याआधी वर्षभर मलम, गोळ्या, टबमध्ये गरम पाण्यात बसणं, सगळं झालेलं. कोणाकडं, ते लिहीत नाही. ऑपरेशनच्या दिवशी टेबलावर भूल द्यायच्या आधी सर्जननं बोटानं तपासलं, हात काढला, ग्लोव्ह टाकला आणि म्हणाले, "आज ऑपरेशन नाही करत आपण." बायको बाहेर नारळ घेऊन उभी.

मलाशयाची गाठ, तिसरी स्टेज. आधी रेडिएशन आणि सोबत केमोच्या गोळ्या, मग ऑपरेशन, मग उरलेली केमो. ऑपरेशनमध्ये पोटाला तात्पुरती शौचाची पिशवी लावली. मला गाठीपेक्षा पिशवीची भीती जास्त होती, खरं सांगतो. लोक काय म्हणतील, वास येईल, शर्ट आत खोचता येईल का. पहिले काही दिवस रडलो. मग हात बसला. नीट बसवली तर वास येत नाही. पिशवी लावूनच फुटाळ्याला फिरायला जायचो, कोणालाही कळलं नाही. काही महिन्यांनी ती बंद करून आतडं परत जोडलं. मात्र आधीसारखी सवय काही परतली नाही. फुटाळा ते धरमपेठ मधली सगळी वापरण्यालायक संडासं मला पाठ आहेत.

खर्च महात्मा फुले योजनेत बराचसा निघाला. आता ती कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. पण ती दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. सुरुवातीच्या तपासण्या बहुतेकांना खिशातून कराव्या लागतात. कागद तयार ठेवा: रेशन कार्ड, आधार, बायोप्सीचा मूळ रिपोर्ट. दवाखान्यात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो, त्याला पहिल्याच दिवशी गाठा.

तर्री_जास्त

दादा, वाचून अंगावर काटा आला. बाबाले घेऊन चाललो उद्या.

आन सावजीचं काय? लोक म्हणते तिखटानं होते.

टाके_दोरा

तिखटानं मूळव्याधीची आग होते. कॅन्सर होतो याला पुरावा नाही. मांसाचा मात्र संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, सलामी, बेकन, हे कॅन्सरकारक ठरवलं. रोज ५० ग्रॅम खाणाऱ्याचा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. साधं मटण 'बहुधा कॅन्सरकारक' या खालच्या गटात. रविवारची सावजी थाळी कोणी सोडा म्हणत नाही. त्यासोबतची दारू आणि नंतरची सिगारेट, यांचा संबंध जास्त पक्का आहे. आणि सुटलेलं पोट.

संपादक_मंडळ

'३१ दिवसांत मुळापासून' छापाचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. तिसऱ्यांदा खाते बंद होईल.

मिहानवाली

कोलोनोस्कोपी करून आले आहे (वडिलांना होता म्हणून, मला काही त्रास नाही). सगळे नळीला घाबरतात. नळीचं काही कळलंही नाही, गुंगीचं इंजेक्शन दिलं होतं. खरी परीक्षा आदल्या रात्रीची.

आधीचे दोन-तीन दिवस चोथा बंद. म्हणजे भाकरी नाही, पालेभाजी नाही, वांगं-टोमॅटो-पेरू अशी बियांची कुठलीच गोष्ट नाही, आणि आपली जवसाची चटणी अजिबात नाही. जवस, तीळ, खसखस आतड्याला चिकटून बसतात आणि कॅमेऱ्यापुढं येतात. मऊ भात, गाळलेलं वरण, बटाटा, दही. आदल्या दिवशी फक्त पारदर्शक: नारळपाणी, लिंबू सरबत गाळून, बिनदुधाचा चहा. लाल-जांभळं काही नको. कोकम सरबतसुद्धा नको, आत रक्तासारखं दिसतं.

मग ते औषध. पावडर दोन लिटर पाण्यात. चव म्हणजे मिठाच्या पाण्यात कोणीतरी लिंबू दाखवून परत नेलंय. थंड करून, स्ट्रॉनं, वर लिंबाची फोड चोखत प्यायलं तर जातं. अर्धं संध्याकाळी, अर्धं पहाटे. सगळं संपवायचंच, शेवटी पिवळसर स्वच्छ पाणी यायला लागलं की समजायचं तयारी झाली. घरात एकच संडास असेल तर बाकीच्यांना त्या रात्री नातेवाइकांकडं पाठवा, गंमत नाही करत आहे.

सोबत कोणीतरी लागतंच. गुंगी उतरली असं वाटलं तरी त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

टाके_दोरा

छान लिहिलंत. भर घालतो. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद, नाहीतर सगळं काळं दिसतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि मधुमेहाची औषधं मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका, ज्यांनी तारीख दिली त्यांनाच विचारा. धोकाही लपवत नाही: आतड्याला छिद्र पडण्याचं प्रमाण दहा हजारांत तीनच्या आसपास, पॉलिप काढल्यावर रक्तस्राव त्याहून काही पटींनी जास्त.

रिपोर्ट हातात आला की दोन गोष्टी वाचा. दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत पोचली का? आणि तयारी कशी होती, 'गुड' की 'पुअर'? तयारी वाईट असेल तर नॉर्मल रिपोर्टला फार किंमत नाही.

पॉलिप सापडला तर त्याच वेळी तारेच्या फासानं काढता येतो. बहुतेक कॅन्सर आधी पॉलिप असतो आणि त्याला कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. ही एवढी मोठी मुदत फार थोडे कॅन्सर देतात.

सौ_त्रिमूर्तीनगर

कळवायचं राहिलं. दोन्हीकडून दुर्बीण झाली. मोठं आतडं स्वच्छ. जठरात दोन अल्सर, पेनकिलरचे. डॉक्टरांनी त्या गोळ्या बंद करून दुसरं दिलंय. गुडघे ठणकतायत, पण हिमोग्लोबिन चढतंय.

लॅबवाला_धंतोली

उत्तम. पुढचं सीबीसी कुठंही करा, पण लोहाच्या गोळ्या संपल्यावर काही महिन्यांनी फेरिटिन बघा.

तर्री_जास्त

बाबाचं झालं. डाव्या बाजूले, सिग्मॉइडमंदी गाठ आहे. बायोप्सीत कॅन्सर आला. सीटी केला, लिव्हरमंदी काही नाही, फुफ्फुसात काही नाही. ऑपरेशन पुढल्या आठवड्यात. बाबा डॉक्टरले म्हणते, "मूयव्याध नोहे म्हणजे मंग मिरची खाता येईन ना?"

आई रडून रायली. डॉक्टर म्हणले येळेवर आले. खरं असते का असं, का सगयाइलेच म्हणते?

टाके_दोरा

सगळ्यांना म्हणत नाहीत. बाहेर पसरलेला नसणं ही मोठी गोष्ट आहे. अमेरिकेतले आकडे सांगतो: आतड्यापुरता असताना सापडला तर पाच वर्षांनी ९० टक्क्यांच्या आसपास लोक हयात असतात, दूर पसरल्यावर १५ च्या आसपास. बाबा या दोन्हींत नेमके कुठं बसतात ते ऑपरेशननंतर काढलेल्या गाठी तपासल्यावर कळेल. तो रिपोर्ट आला की किमान १२ लसिका ग्रंथी तपासल्यात का ते बघा आणि केमो लागेल का हे विचारा. दुसरं मत हवं असेल तर तुकडोजी हॉस्पिटल आहे, जामठ्याचं एनसीआय आहे, मेडिकलचं सुपर स्पेशालिटी आहे, मिहानचं एम्स आहे. गाठीच्या तुकड्याचे ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

आणि भावंडं किती तुम्ही?

तर्री_जास्त

दोघं भाऊ, एक बहीण. मी ३८, ताई ४१, दादा ४४. काऊन?

टाके_दोरा

वडिलांना झाला तर मुलांनी वयाच्या चाळिशीला, किंवा वडिलांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा सुरुवात करायची. ६३ वजा १० म्हणजे ५३, म्हणून तुमच्या घरात चाळीसच धरा. दादा आणि ताईंची वेळ झालीय, तुम्हाला दोन वर्षं आहेत. मध्ये रक्त, ॲनिमिया, काही झालं तर वय मोजायचं नाही. आजोबांचंही एकदा नीट विचारून घ्या, ते कशानं गेले. तीन जण, दोन पिढ्या, त्यातलं एक पन्नाशीच्या आत, असं चित्र दिसलं तर आनुवंशिक प्रकाराची चाचणी करावी लागते. लिंच सिंड्रोम म्हणतात त्याला.

तर्री_जास्त

आजोबालेबी "मूयव्याध"च होती म्हणते सगळे. आत्याले विचारतो.

ताई तयार झाली. दादा म्हणते मले काही त्रास नाही, दिवाळीनंतर पाहू.

फुटाळा_फेरी

दादांचा नंबर मला व्यनि करा. मी बोलतो त्यांच्याशी.

मिहानवाली

आणि ताईंना सांगा, जवसाची चटणी आत्तापासूनच लपवून ठेवा.